बीमवरचे दहा पुल-अप : बळ आणि वजन यांचा मेळ

सैन्यदलात दाखल होण्याची आकांक्षा बाळगणारे युवक महाराष्ट्राच्या प्रत्येक जिल्ह्यात आहेत. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाच्या नावाला तर ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा जोडला गेला आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावातील ४६ जवान कामी आले आणि तेव्हापासून आजतागायत तेथील घराघरांतून सैनिक तयार होत आले आहेत. अशी परंपरा असलेल्या गावांत पहाटेच्या अंधारात रस्त्याने धावणारी मुले हे नित्याचे दृश्य होय. धावण्याचा सराव बहुतेक सर्वजण करतात. परंतु भरतीच्या मैदानावर अनेकांची निराशा होते ती बीमखाली. दोन-चार पुल-अप होतात, हात थरथरू लागतात, आणि वर्षभराची आशा अर्ध्या मिनिटात मावळते. भरतीसाठी वयाची मर्यादा असल्यामुळे अशी संधी आयुष्यात फार वेळा येत नाही. म्हणूनच पुल-अपचे बळ कसे वाढते, शरीराच्या वजनाशी त्याचा संबंध काय आणि या दोन्हींची तयारी सुरक्षितपणे कशी करावी, हे शास्त्रीय दृष्टीने समजून घेणे अगत्याचे आहे.

चाचणीचे स्वरूप

अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये जाहीर झाली आणि सैन्यदलातील शिपाई पातळीवरील भरती अग्निवीर म्हणून होऊ लागली. अग्निवीरांच्या भरती मेळाव्यातील शारीरिक चाचणी १०० गुणांची आहे. त्यांपैकी ६० गुण १.६ किलोमीटर धावण्यासाठी आणि ४० गुण बीमवरील पुल-अपसाठी ठेवलेले आहेत. नऊ फुटांचा खड्डा उडी मारून ओलांडणे आणि वाकड्यातिकड्या फळीवरून तोल सांभाळत चालणे या दोन चाचण्यांना गुण नाहीत. मात्र त्या उत्तीर्ण व्हाव्या लागतात.

पुल-अपच्या गुणांची वाटणी ध्यानात घेण्यासारखी आहे. दहा पुल-अप काढणाऱ्यास ४० गुण मिळतात. नऊ काढल्यास ३३, आठ काढल्यास २७, सात काढल्यास २१ आणि सहा काढल्यास १६ गुण मिळतात. सहापेक्षा कमी पुल-अप काढणारा उमेदवार अनुत्तीर्ण ठरतो. म्हणजे नवव्यानंतरचा एकच पुल-अप सात गुणांचा आहे. ज्या स्पर्धेत अर्ध्या गुणानेही नाव यादीबाहेर जाऊ शकते, तेथे या सात गुणांचे मोल वेगळे सांगावयास नको.

आणखी एक गोष्ट विचारात घ्यावयास हवी. २०२३ पासून भरतीचा क्रम बदलला असून आधी संगणकावरील सामायिक प्रवेश परीक्षा आणि ती उत्तीर्ण होणाऱ्यांचा त्यानंतर मेळावा, अशी पद्धत सुरू झाली आहे. लेखी परीक्षेचा निकाल लागल्यावर शरीराच्या तयारीला लागू, असे जो म्हणेल त्याच्या हाती फार थोडे दिवस उरतात. पुस्तकी अभ्यास घाईने उरकता येईल. स्नायू मात्र घाईने तयार होत नाहीत.

एक साधे गणित

पुल-अप म्हणजे स्वतःच्या शरीराचे ओझे स्वतःच्या हातांनी वर उचलणे. येथे उचलण्याचे वजन दुसरे कोणी ठरवीत नाही. ते उमेदवार स्वतःबरोबर घेऊनच आलेला असतो. म्हणून या व्यायामात यश दोन गोष्टींवर अवलंबून असते : ओढण्याचे बळ किती आणि ओढावयाचे वजन किती. या दोहोंचे प्रमाण हेच पुल-अपचे खरे माप होय.

उदाहरणादाखल एक युवक घेऊ. सर्व बळ एकवटून तो एका वेळी जास्तीत जास्त ९३ किलो वजन ओढू शकतो, असे समजू. व्यायामशास्त्रातील साधारण ठोकताळा असा आहे की, आपल्या कमाल ताकदीच्या सुमारे पाऊणपट ओझे माणूस ओळीने दहा वेळा उचलू शकतो आणि सुमारे ८५ टक्के ओझे सहा वेळा. आता या युवकाचे वजन ७० किलो असेल, तर ते त्याच्या कमाल ताकदीच्या पाऊणपट भरते. म्हणजे दहा पुल-अप त्याच्या आवाक्यात येतात. तेच वजन ७८ किलो असेल, तर ते कमाल ताकदीच्या ८४ टक्के होते आणि तो सहाच्या आसपास थांबतो. हातातील बळ दोन्ही वेळा तेवढेच आहे. फरक आहे तो आठ किलोंचा. पण गुण ४० चे १६ झाले.

या गणिताची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. उपाशी राहून वजन ६८ किलोंवर आणले आणि त्या भरात स्नायू झिजून कमाल ताकद ९३ वरून ८० किलोंवर आली, तर प्रमाण पुन्हा ८५ टक्केच झाले. वजन दहा किलोंनी उतरले, पण पुल-अप सहाच राहिले. सारांश, नुसते वजन उतरवणे हे साध्य नव्हे. स्नायू राखून चरबी कमी करणे आणि त्याच वेळी बळ वाढवणे, हा या तयारीचा गाभा आहे.

दंड-बैठका पुरेशा का पडत नाहीत

आपल्या तालमींतून पिढ्यान्‌पिढ्या दंड, बैठका आणि सूर्यनमस्कार घातले जात आले आहेत. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी तर सूर्यनमस्कारांचा प्रसार हे जीवितकार्य मानले होते. हे व्यायाम उत्तम आहेत. परंतु शंभर दंड काढणाऱ्या मुलास पाच पुल-अप का निघत नाहीत, असा प्रश्न अनेकांना पडतो. त्याचे उत्तर सोपे आहे. दंड हा ढकलण्याचा व्यायाम आहे. त्यात छाती, खांदा आणि दंडाचा मागचा स्नायू राबतो. पुल-अप हा ओढण्याचा व्यायाम आहे. त्यात काखेखालून कमरेपर्यंत पसरलेले पाठीचे रुंद स्नायू, दोन्ही खवाट्यांमधले स्नायू, दंडाची पुढची बेटकुळी आणि पकड धरणारे मनगटापासून कोपरापर्यंतचे स्नायू यांच्यावर भार येतो. जे स्नायू राबतात तेच वाढतात, हा शरीराचा नियम आहे.

पूर्वी विहिरीतून पोहरा शेंदताना, गवताचे भारे माळ्यावर ओढून घेताना किंवा झाडावर चढताना ओढण्याचे बळ सहज तयार होत असे. विहिरीवर मोटारपंप आले आणि शरीराला ओढण्याचे काम फारसे उरले नाही. आपल्या व्यायामपरंपरेत मात्र ओढण्याचा श्रेष्ठ व्यायाम आहेच. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी ज्याला नवी प्रतिष्ठा मिळवून दिली, तो मल्लखांब पकड, खांदा आणि पाठ यांची अशी तयारी करून घेतो की मल्लखांबपटूस बीम परका वाटत नाही. ज्या गावात मल्लखांब किंवा चढण्याचा दोर उपलब्ध आहे, तेथील युवकांनी त्याचा अवश्य लाभ घ्यावा. अमरावतीच्या १९१४ साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारख्या संस्थांनी ही परंपरा टिकवून धरलेली आहे.

बीमची पायरी-पायरीने तयारी

सरावासाठी मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. दोन भक्कम खांबांना पक्का बसवलेला लोखंडी नळ पुरेसा होतो. त्याची उंची अशी असावी की हात सरळ करून लटकल्यावर पाय जमिनीस टेकू नयेत. खाली मऊ माती किंवा वाळू असावी आणि रोज लटकण्यापूर्वी नळाची मजबुती तपासून पाहावी. सराव आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड करावा. स्नायू व्यायामाच्या वेळी झिजतात आणि विश्रांतीच्या वेळी सावरून अधिक बळकट होतात. रोज थकेपर्यंत लटकणाऱ्याची प्रगती म्हणूनच खुंटते.

चार महिन्यांच्या तयारीची आखणी पुढीलप्रमाणे करता येईल.

पहिला महिना हा पायाभरणीचा. आरंभी केवळ लटकावे. हात सरळ ठेवून २० ते ३० सेकंद, असे तीन ते चार वेळा करावे. यामुळे पकड तयार होते. मग लटकलेल्या स्थितीतच कोपर न वाकवता खवाटे खाली व मागे ओढावेत. शरीर यात दोन-तीन इंचच वर येते. परंतु प्रत्येक पुल-अपची सुरुवात येथूनच होत असल्यामुळे ही हालचाल अंगवळणी पडणे अत्यावश्यक आहे. त्यानंतर कमरेइतक्या उंचीच्या आडव्या नळाखाली, टाचा जमिनीस टेकवून आणि शरीर फळीसारखे ताठ ठेवून छाती नळापर्यंत ओढावी. असे आठ ते दहा वेळा, तीन फेऱ्यांत करावे.

याच महिन्यात उतरण्याचा सराव सुरू करावा. ओट्यावर किंवा बाकावर उभे राहून हनुवटी बीमच्या वर आणावी, पाय सोडावेत आणि मनात पाच अंक मोजत सावकाश खाली यावे. स्नायू उचलताना जितके ओझे पेलतो, त्याहून अधिक ओझे तो उतरताना पेलू शकतो. म्हणूनच ज्याला एकही पुल-अप निघत नाही, त्यालाही या मार्गाने पुल-अपचे बळ मिळवता येते. तीन ते पाच वेळा उतरावे; अधिक नको. या प्रकाराने स्नायू बरेच दुखतात, हे लक्षात ठेवून आरंभ बेताने करावा.

दुसऱ्या महिन्यात सहकाऱ्याची मदत घ्यावी. जोडीदाराने मागे उभे राहून कमरेला किंवा पावलांना अगदी आवश्यक तेवढाच आधार द्यावा आणि तो दर आठवड्याला थोडा थोडा कमी करावा. पहिले काही आठवडे स्नायू आकाराने फारसे वाढत नाहीत, तरीही बळ वाढलेले जाणवते. मज्जासंस्था स्नायूंतील अधिकाधिक तंतूंना एकाच वेळी कामाला लावण्यास शिकते, हे त्याचे कारण होय. स्नायूंची खरी वाढ त्यानंतर दिसू लागते. म्हणून दुसऱ्या महिन्याच्या मध्यावर प्रगती मंदावल्यासारखी वाटली तरी धीर सोडू नये.

तिसऱ्या महिन्यात संख्या वाढवावयाची. येथे बहुतेक युवक एकच चूक करतात. रोज जास्तीत जास्त किती निघतात हे पाहतात आणि तोच सराव समजतात. त्याऐवजी आपल्या कमाल संख्येच्या निम्मे पुल-अप काढावेत, दोन-तीन मिनिटे थांबावे आणि पुन्हा तितकेच काढावेत. ज्याला चार निघतात त्याने दोन-दोनच्या आठ फेऱ्या केल्या, तर एका दिवसात १६ स्वच्छ पुल-अपचा सराव होतो. कमाल संख्या दोन आठवड्यांतून एकदाच तपासावी.

चौथ्या महिन्यात मैदानावरील परिस्थितीशी जुळवून घ्यावे. मेळाव्यात धावण्याची चाचणी आधी होते आणि धावून आलेल्या थकव्यातच बीमला हात घालावा लागतो. म्हणून आठवड्यातून एकदा १.६ किलोमीटर जोरात धावून, थोड्या विश्रांतीनंतर पुल-अप काढण्याचा सराव ठेवावा. मेळाव्यापूर्वीच्या शेवटच्या आठवड्यात सराव निम्म्याने कमी करावा, म्हणजे शरीर ताजेतवाने राहील.

पुल-अप काढताना हात पूर्ण सरळ करूनच पुढचा पुल-अप सुरू करावा आणि हनुवटी बीमच्या वर न्यावी. लाथा झाडून किंवा झोका घेऊन काढलेला पुल-अप मोजला जाईलच याची शाश्वती नसते. शिवाय त्याने खांद्याला इजा होण्याचा संभव असतो. तळहात पुढे आणि तळहात आपल्याकडे, या दोन्ही पकडींची सवय ठेवावी, म्हणजे मैदानावर ज्या पकडीची सूचना मिळेल तिचा घोटाळा होणार नाही.

शून्यापासून आरंभ करणाऱ्या प्रत्येकाला चार महिन्यांत दहाचा आकडा गाठता येईलच असे नाही. काहींना सहा महिने, काहींना वर्षही लागेल. म्हणूनच जाहिरातीची वाट न पाहता दहावी-बारावीतच आरंभ करणे श्रेयस्कर होय.

वजन कशाने उतरते

वजन उतरवण्यासाठी पुल-अप काढावेत, असा एक समज आढळतो. तो तपासून पाहू. ७० किलो वजनाच्या माणसाने अर्धा मीटर उंचीचे दहा पुल-अप काढले, तर शरीराची त्यात खर्ची पडणारी सर्व शक्ती धरूनही पाच उष्मांकांच्या आसपासच खर्च होतो. एक लहान चमचा साखरेत २० उष्मांक असतात. तेव्हा पुल-अपने वजन उतरत नाही. वजन उतरल्याने पुल-अप वाढतात.

धावण्याचा हिशेब निराळा आहे. धावताना दर किलोमीटरला शरीराच्या दर किलो वजनामागे सुमारे एक उष्मांक खर्ची पडतो. ७८ किलोंचा युवक पाच किलोमीटर धावला, तर सुमारे ३९० उष्मांक वापरले जातात. मात्र तोच युवक घरी येऊन दोन वडापाव आणि गोड चहा घेईल, तर हा सारा खर्च भरून निघतो. म्हणून वजनाचा प्रश्न मैदानाइतकाच ताटातही सोडवावा लागतो.

शरीरातील एक किलो चरबीत सुमारे ७,७०० उष्मांक साठवलेले असतात. रोजच्या गरजेपेक्षा ५०० उष्मांक कमी घेतले, तर आठवड्याला ३,५०० उष्मांकांची तूट पडते आणि साधारण अर्धा किलो वजन उतरते. हा वेग धिमा वाटेल. परंतु सोळा आठवड्यांत तो सात किलोंपर्यंत पोहोचतो. वर दिलेल्या उदाहरणातील ७८ किलोंचा युवक याच वाटेने ७१ किलोंवर येऊ शकतो, आणि तेही बळ न गमावता. आठवड्याला एक किलोहून अधिक वेगाने वजन उतरवू लागल्यास चरबीबरोबर स्नायूही झिजतात.

आहार : घरचाच, पण मोजका

स्नायू राखण्यासाठी प्रथिने लागतात. भरपूर व्यायाम करणाऱ्याने दर किलो वजनामागे सुमारे १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिने रोज घ्यावीत. ७५ किलोंच्या युवकास ही गरज ९० ते १२० ग्रॅम पडते. डब्यातील महागडी भुकटी घेतल्याशिवाय ती भागणार नाही, हा समज निराधार आहे. १०० ग्रॅम तूरडाळीतून २२ ग्रॅम, ५० ग्रॅम हरभऱ्यातून सुमारे १० ग्रॅम, अर्धा लिटर दुधातून १६ ग्रॅम, दोन अंड्यांतून १२ ग्रॅम, ५० ग्रॅम शेंगदाण्यांतून १२ ग्रॅम आणि ३०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीतून सुमारे ३० ग्रॅम प्रथिने मिळतात. ही बेरीज शंभराच्या पुढे जाते. जे अंडी खात नाहीत त्यांनी ३० ग्रॅम सोयाबीन घेतल्यास जवळपास तेवढीच भर पडते. धान्य आणि डाळ एकत्र खाल्ल्याने एकाची उणीव दुसरे भरून काढते. भाकरी आणि आमटी या आपल्या रोजच्या जेवणामागचे शास्त्र हेच आहे.

कमी करावयाचे ते पदार्थ निराळे आहेत. दिवसातून चार कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर, एवढ्यानेच १६० उष्मांक पोटात जातात. एक मोठा चमचा तेल सुमारे १२५ उष्मांकांचे असते. तेव्हा साखर, तळलेले पदार्थ, फरसाण, बिस्किटे आणि बाटलीबंद गोड पेये यांना आवर घातला, तरी रोजची ५०० उष्मांकांची तूट साधणे अवघड नाही. भाकरी, उसळ, पालेभाजी, काकडी-मुळ्याची कोशिंबीर आणि ताक यांनी पोट भरते, पण उष्मांक बेताचे राहतात. पहाटे धावण्यापूर्वी एखादे केळे घ्यावे आणि सराव झाल्यावर तासाभरात मोड आलेली मटकी किंवा अंडी यांसह नाश्ता करावा. जेवण चुकवू नये. रात्री सात ते आठ तासांची झोप हा आहाराइतकाच आवश्यक भाग होय. तंबाखू आणि गुटखा यांना तर या तयारीत थाराच नाही.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. वजन कमी करणे हे प्रत्येकाचे उद्दिष्ट नव्हे. वैद्यकीय तपासणीत वजन उंचीच्या व वयाच्या प्रमाणात आहे किंवा नाही हे पाहिले जाते. ग्रामीण भागातील अनेक युवकांचे वजन मुळातच कमी असते. त्यांनी आहारातील तूट न करता उलट भाकरी, डाळ, दूध, शेंगदाणे आणि गूळ यांचे प्रमाण वाढवावे आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तातील हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. पंडुरोग असेल तर कितीही सराव केला तरी दम पुरत नाही.

धावण्याचा सराव

पुल-अपच्या तयारीत धावणे मागे पडू नये. १.६ किलोमीटर अंतर साडेपाच मिनिटांच्या आत पार करणाऱ्यास पूर्ण ६० गुण मिळतात. चारशे मीटरच्या धावपट्टीवर या चार फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरी सुमारे ८२ सेकंदांत पुरी व्हावयास हवी. आठवड्यातून दोन-तीन दिवस सावकाश चार ते सहा किलोमीटर धावावे आणि एक दिवस ४०० मीटरच्या चार-पाच वेगवान फेऱ्या, मध्ये विश्रांती घेऊन, पूर्ण कराव्यात. डांबरी रस्त्यापेक्षा मातीची वाट निवडावी आणि अंतर एकदम न वाढवता आठवड्यागणिक थोडे थोडे वाढवावे. अन्यथा नडगीचे दुखणे मागे लागते आणि महिना वाया जातो. वजन उतरले की धावण्याचाही वेळ आपोआप सुधारतो, हा या सर्व प्रयत्नांचा दुहेरी लाभ होय.

घातक आडवाटा

मेळावा जवळ आला की काही युवक आडवाटेने जातात. दोन-तीन दिवस उपाशी राहणे, पाणी तोडणे, जुलाबाची किंवा लघवी वाढवणारी औषधे घेणे, असे प्रकार ऐकू येतात. यामुळे काट्यावर दिसणारी घट ही चरबीची नसून पाण्याची असते. पाणी कमी झालेल्या शरीराचे रक्त घट्ट होते, घाम येईनासा होतो आणि उन्हात धावताना शरीराचे तापमान धोक्याच्या पातळीवर जाते. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या वेळी धावण्याच्या चाचणीनंतर काही उमेदवारांना प्राण गमवावे लागले. ती घटना कोणत्याही उमेदवाराने आणि पालकाने विसरू नये. सराव पहाटे किंवा सायंकाळी करावा, तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे आणि भरपूर घाम आल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ विरघळवून ते घोटाघोटाने घ्यावे. चक्कर, मळमळ, गोंधळल्यासारखे वाटणे ही लक्षणे दिसताच थांबावे. सहकाऱ्यांनी अशा मुलास तत्काळ सावलीत नेऊन अंगावर गार पाणी ओतावे आणि विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

दुसरी आडवाट स्टेरॉइडच्या सुयांची. महिनाभरात ताकद, असे आमिष दाखवून ही औषधे विकली जातात. त्यांचे परिणाम हृदय, यकृत आणि प्रजननक्षमता यांवर होतात व ते पुढे अनेक वर्षे भोगावे लागतात. वैद्यकीय सल्ल्याशिवाय अशी कोणतीही सुई किंवा गोळी घेऊ नये. तिसरी चूक अतिरेकाची. कित्येक महिने व्यायाम न केलेल्या मुलाने ईर्षेला पेटून एकाच दिवशी शेकडो दंड-बैठका व पुल-अप काढल्यास स्नायूंचे तंतू तुटून त्यातील द्रव्ये रक्तात मिसळतात आणि मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोका उद्भवतो. असह्य स्नायुदुखीबरोबर लघवीचा रंग काळ्या चहासारखा झाला, तर तो सामान्य थकवा न समजता त्वरित डॉक्टरांकडे जावे.

मुलींसाठी

सैन्यातील वाटा आता मुलींनाही खुल्या झाल्या आहेत. लष्करी पोलीस दलात शिपाई म्हणून महिलांची भरती २०१९ मध्ये सुरू झाली. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत २०२२ मध्ये मुलींना प्रथमच प्रवेश मिळाला आणि त्यांची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये शिक्षण पुरे करून बाहेर पडली. लष्करी पोलीस दलाच्या महिला भरतीत पुल-अपची चाचणी नसून धावणे, लांब उडी आणि उंच उडी यांचा समावेश असतो. तरीही पुढील प्रशिक्षणात दोर चढणे, भिंत ओलांडणे, शस्त्र आणि सामान वाहणे या साऱ्यांसाठी ओढण्याचे बळ लागतेच. लटकणे, आडव्या नळाखाली ओढणे आणि सावकाश उतरणे या पायऱ्या मुलींसाठीही तितक्याच उपयुक्त आहेत. वाढत्या वयात आहार तोडून वजन उतरवण्याच्या नादी मात्र त्यांनी लागू नये.

मार्गदर्शन कोठे मिळेल

भरतीच्या अटी व गुणपद्धती यांत वेळोवेळी बदल होत असतात. तेव्हा अर्ज करण्यापूर्वी सैन्यदलाच्या अधिकृत संकेतस्थळावरील अधिसूचना स्वतः वाचावी. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे सैन्यभरती कार्यालये आहेत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांतूनही माहिती मिळू शकते. अधिकारी होऊ इच्छिणाऱ्या मुलांसाठी राज्य शासनाने छत्रपती संभाजीनगर येथे १९७७ साली सुरू केलेली सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशाची तयारी करून घेते. भरती पूर्णतः गुणवत्तेवर होते. पैसे घेऊन काम करून देतो असे सांगणाऱ्या मध्यस्थांपासून पालकांनी सावध राहावे.

गावपातळीवरही बरेच काही करता येण्यासारखे आहे. ग्रामपंचायतीने किंवा तरुण मंडळाने शाळेच्या मैदानावर एक पक्का बीम, चढण्याचा दोर आणि मोजून आखलेली चारशे मीटरची धावपट्टी एवढी सोय केली, तरी गावातील प्रत्येक इच्छुक मुलास त्याचा वर्षानुवर्षे उपयोग होईल. गावातील निवृत्त जवानांनी आठवड्यातून दोन सकाळी या मुलांसाठी दिल्या, तर मुलांची पकड, श्वास आणि शिस्त तिन्ही सुधारतील.

भरतीत सर्वांनाच यश मिळते असे नाही. जागा मर्यादित आणि इच्छुक असंख्य असतात. परंतु ज्याने सहा महिने नियमाने सराव केला, ताटातील अन्नाचा विचार केला, व्यसन दूर ठेवले आणि आडवाटेला पाय लावला नाही, त्याने कमावलेले शरीर कोणत्याही यादीवर अवलंबून राहत नाही. शेती असो, कारखाना असो वा पोलीस दल असो, ते त्याच्याबरोबरच राहते. दहावा पुल-अप बीमखाली उभे राहिल्यावर मिळत नाही. तो त्याआधीच्या शेकडो सकाळी थोडा थोडा कमवावा लागतो. आपल्या युवकांनी तो आजपासूनच कमवावयास लागावे.